अंबादासने मिळवलेला प्रवेश

चिंचलेवाडीत अंबादास नावाचा एक भोळा मुलगा राहायचा. सांगाल ते करायचा, अगदी सांगाल तसंच. बारावीच्या परीक्षेला निघताना गुरुजी म्हणाले, "घाई करू नकोस." अंबादासने घाई केली नाही. प्रत्येक पेपरात शेवटचे दोन प्रश्न राहिले. मिळाले सत्तावन्न टक्के आणि कॉलेजला लागत होते साठ.

घरात त्याची काळजी होती ती कौसाआत्याला. आपल्या घरातलं कुणीतरी पदवीधर व्हावं, एवढीच तिची इच्छा. तिने त्याला तालुक्याच्या कॉलेजात पाठवलं.

तिथले साहेब म्हणाले, "तीन टक्के कमी आहेत."

"हो," अंबादास म्हणाला आणि घरी आला.

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, एवढ्यावर परत आलास? हात जोडायचे. म्हणायचं, प्रवेश मिळाल्याशिवाय इथून हलणार नाही!"

"बरं आत्या. पुढच्या वेळी तसंच."

दुसऱ्या कॉलेजात जागा शिल्लक होत्या. कारकून म्हणाला, "मिळेल प्रवेश. समोरच्या खिडकीवरून अर्ज घेऊन ये. एक वाजता बंद होते."

अंबादासने हात जोडले. "प्रवेश मिळाल्याशिवाय इथून हलणार नाही."

"अरे बाबा, देतोय ना! अर्ज तर आण."

"आधी प्रवेश. मग हलतो."

एक वाजला. खिडकी बंद झाली. जागा दुसऱ्यांनी भरल्या.

"अक्कल गहाण ठेवलीस का?" आत्या ओरडली. "साहेबांनी बोट दाखवलं, की तिकडे पळत सुटायचं. मागे वळून बघायचं नाही!"

"बरं आत्या. पुढच्या वेळी तसंच."

तिसऱ्या कॉलेजातले साहेब दयाळू होते. त्यांनी अंबादासची गुणपत्रिका हातात घेतली, मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात एक शेळी आत शिरली आणि टेबलावरचे अर्ज खाऊ लागली. साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं. "चल, नीघ बाहेर!"

अंबादास पळत सुटला.

"अरे, तुला नाही! शेळीला!" शिपाई मागून ओरडत होता. पण मागे वळून बघायचं नव्हतं. तो थेट चिंचलेवाडीतच थांबला. शेळी तिथेच राहिली.

आत्याने त्याला जवळ बसवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "कुणी काही म्हटलं, की आधी विचारून घ्यावं बाळा. मला म्हणताय, की शेजारच्याला?"

"बरं आत्या. पुढच्या वेळी तसंच."

आता एकच कॉलेज उरलं होतं आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस. या वेळी आत्या स्वतः सोबत गेली.

कारकून म्हणाला, "एकच जागा आहे. साठच्या वरचं कुणी हजर नसेल, तरच खालच्याला देता येते." त्याने खोलीभर नजर फिरवली. दोघांशिवाय कुणी नव्हतं. आत्याने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. कारकुनाने रजिस्टर उघडलं. "मग, घ्यायचा ना प्रवेश?"

आत्याने कोपराने ढोसलं. अंबादास नम्रपणे म्हणाला, "साहेब, मला म्हणताय, की या शेजारच्या बाईंना?"

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं.

"बाई, तुमची बारावी झालीय?"

"झालीय. लग्नाआधी."

"टक्के?"

आत्याला काहीतरी थाप मारायची होती. पण बावीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बासष्ट," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग नियमाने जागा तुमची."

"अहो, पण माझं वय..."

"वयाची अट नाही. कागद उद्या आणा."

आत्याने अंबादासकडे पाहिलं. तो खुशीत मान डोलवत होता. मग तिने रजिस्टरातल्या कोऱ्या ओळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कौसल्या लिहा," ती म्हणाली. "कौसा नको."

संध्याकाळी अंबादास घरोघर साखर वाटत फिरला. "प्रवेश मिळाला! प्रवेश मिळाला!"

गुरुजींनी त्याची पाठ थोपटली. "शाब्बास! मग कधीपासून जाणार कॉलेजला?"

"मी कसा जाईन गुरुजी?" अंबादास म्हणाला. "जागा एकच होती ना!"