वाजवून घेतलेला माठ

समतानगरात रोज सकाळी भोंगा व्हायचा आणि सगळं गाव चौकात जमून, हात वर करून एका सुरात म्हणायचं, "सगळं ठीक आहे!" वेगळं बोलेल त्याची रवानगी सुधारगृहात. तानाक्का कुंभारणीचा नवरा रंगनाथ असाच गेला. तलावाच्या भिंतीला तडा गेलाय, एवढंच तो म्हणाला होता. त्याला नेलं तेव्हा तानाक्काचाही हात वरच होता.

तीन उन्हाळे उलटले. एके दिवशी खुद्द नगरप्रमुख आवटेसाहेब माठ घ्यायला तिच्या दारी आले आणि एकेक माठ बोटाने वाजवून बघू लागले.

"साहेब, सगळे एकाच भट्टीतले. वाजवता कशाला?"

साहेब हसले. "कुंभारीण असून विचारतेस? दिसायला सगळे सारखेच. तडा गेलेला कुठला, ते आवाजावरूनच कळतं."

"मग मीही माठांना हुकूम सोडायला हवा होता, सगळ्यांनी एकच आवाज काढा म्हणून. तुम्ही खुशाल गळका माठ घरी नेला असता!"

साहेबांचं बोट माठावरच थांबलं. त्यांनी मान वळवून तलावाच्या भिंतीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला नाही. गवंडी भिंतीकडे निघाले. सुधारगृहाचं दार उघडलं, पण रंगनाथची नुसती कपड्यांची पिशवीच घरी आली.

"अक्का, एवढं सुचलं तरी कसं गं?" शेजारणीने कौतुकाने विचारलं.

"सुचलं तेव्हाच होतं, बाई," तानाक्का म्हणाली. "हात वर होता ना, तेव्हाच."