वरच्या डोहातले चौदा मासे

ही कथा मी ६ फेब्रुवारी २०१९ रोजी, बुधवारी सकाळी, चांगुणाबाई भोई यांच्याकडून ऐकली. माशांचे नमुने घेण्यासाठी मी त्यांच्या गावी गेलो होतो. त्या अंगणात जाळे सांधत होत्या. त्यांना ती त्यांच्या सासूने सांगितली होती.

फार पूर्वी एका नदीच्या डोहात देवाचे मासे राहत. त्यांना कोणी मारीत नसे. डोहाची राखण एका भोयाच्या घराण्याकडे होती. एका दुष्काळात डोह आटला आणि मासे मोजकेच उरले. तेव्हा पाटलाने देवळापाशी कुंड बांधले व भोयाला सांगितले, "यात मासे वाढव, पिलं बोटाएवढी झाली की ती बोटुकली डोहात सोड. डोह पुन्हा भरला पाहिजे."

गावाची रीत अशी, की देवाला वाहायचे ते अखंडच असावे. अक्षतांतही तुटका दाणा चालत नसे. म्हणून भोयाने अखंड खवल्यांची एकच सोनेरी जोडी निवडली. काळपट, बुटके, वाकड्या ओठांचे मासे त्याने बाजूला काढले.

"अहो, यांचं काय करायचं?" भोईणीने विचारले.

"दे सोडून खाली कुठंतरी. देवाच्या कुंडात व्यंग चालत नाही."

"माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. मलाही खाली सोडायचं होतंत मग!"

"तू कुठं कुंडात राहतेस?" भोई हसला.

भोईण हसली नाही. तिने ते मासे हंड्यात घेतले, चढण चढली आणि त्यांना नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या थंड पाण्याच्या डोहात सोडले. पुढे दर वर्षी भोई डोहातून जे वेगळे दिसणारे मासे काढी, ते ती असेच वर नेऊ लागली.

कुंडात त्याच जोडीची पिले, मग त्या पिलांची पिले वाढली. दहा वर्षांत डोह सोनेरी माशांनी भरला. सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. पाटलाने डोहावर तोरण बांधले.

मग एका उन्हाळ्यात साथ आली. पहिल्या दिवशी एका माशाच्या अंगावर पांढरा डाग दिसला. तिसऱ्या दिवशी कुंडात आणि डोहात एकही मासा जिवंत नव्हता. जे एकाला सोसले नाही, ते कोणालाच सोसले नाही. भोई पागोटे काढून काठावर बसला.

"उठा," भोईण म्हणाली, आणि त्याला वर घेऊन गेली.

साथ तिथेही पोचली होती. पुष्कळ मासे मरून तरंगत होते. पण तळाशी चौदा हलत होते. काळे, बुटके, वाकड्या ओठांचे.

पाटील धावत आला. "यांतली देखणी जोडी काढ. लवकर कुंड भरू."

भोयाने हात जोडले. "पाटील, देखणं कोण ते मला दिसतं. उद्या जगणार कोण, ते दिसत नाही. मी चौदाही राखीन. नाहीतर राखण दुसऱ्याला द्या."

पाटील वाकून तळातला एकेक मासा मोजू लागला. मग म्हणाला, "राख."

भोयाने दर वर्षी निराळ्या जोड्या कुंडात घेतल्या. उरलेले वरच्या डोहातच ठेवले. खालचा डोह भरायला एक पिढी गेली. पुढे साथ पुन्हा आली. काही मासे मेले. डोह मात्र रिकामा झाला नाही.

तात्पर्य, मला समजले तसे: उद्याचे संकट कोणते, हे आज कळत नाही, म्हणून आज निरुपयोगी वाटणारे वेगळेपणही जपावे.

एक भाग मला पडताळता आला नाही. ते चौदा मासे रक्तातल्या वेगळेपणामुळे तगले, की वरच्या डोहाच्या थंड पाण्यामुळे? मी चांगुणाबाईंना विचारले. जाळ्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "भोयालाही ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्यानं चौदाही ठेवले."