एकवीस चिंचोके

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मला सांगणाऱ्यानं ते सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. बारा आळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात हैबती नावाचा दवंडीवाला होता. हलगी गळ्यात अडकवून तो आळीच्या तोंडाशी उभा राहिला आणि "ऐका हो ऐका!" म्हणाला, की न्हाणीत बसलेला माणूससुद्धा तांब्या हातात तसाच धरून ऐकत राहायचा. आवाजच तसा होता!

त्या गावाचा एक रिवाज होता. हलगी वाजली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी जमायचं. आणि एकदा हलगी वाजली की दवंडी बाराही आळ्यांत झालीच पाहिजे. हलगी रिकामी वाजवायची नाही. हे नीट ध्यानात ठेवा बरं का, पुढं लागणार आहे.

एके वर्षी हैबतीचा घसा धरला. आधी खरखर झाली, मग दुखू लागलं, आणि शेवटी घोटभर पाणी गिळायचं तरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याची बायको ठमाई त्याला हाताला धरून वैद्यबुवांकडे घेऊन गेली.

वैद्यबुवा फार तापट. चमच्यानं जीभ दाबून त्यांनी घशात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आत जखम आहे. एकवीस दिवस मौन पाळायचं. हूं नाही की चूं नाही!"

मग त्यांनी ठमाईच्या हातात दोन वाट्या दिल्या. एक रिकामी, एकीत एकवीस चिंचोके. "रोज सकाळी एक चिंचोका इकडून तिकडं टाकायचा. पण हा मध्ये एक शब्द जरी बोलला, तरी खपली निघणार. मग सगळे चिंचोके परत पहिल्या वाटीत. कळलं?"

हैबती "हो" म्हणणार होता, तेवढ्यात ठमाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

रजा मागायला दोघं गावच्या कारभाऱ्याकडे गेले. कारभारी माणूस तसा वाईट नव्हता हो. पण त्याचं काम अडलं, की त्याला दुसऱ्याचं दुखणं दिसत नसे. तोंड वाकडं करून तो म्हणाला, "घे बाबा रजा. माझं काय, मी आहेच मरायला."

आठ दिवस बरे गेले. हैबतीनं गोठा झाडला, दोरखंड वळलं, शेजारच्या पोरांना हातवारे करून वाघाची गोष्ट सांगितली. पोरं हसून हसून लोळली. नवव्या दिवशी सकाळी नववा चिंचोका दुसऱ्या वाटीत पडला आणि दारात कारभारी उभा राहिला.

"झोपून राहा, उठू नकोस," तो म्हणाला. "फक्त एकच शब्द सांग. गुरं मोजायची दवंडी पहिल्यांदा कुठल्या आळीत द्यायची असते?"

आता मालक दारात आलेला. नाही कसं म्हणायचं? हैबतीच्या तोंडून निघून गेलं, "कासारआळीत."

झालं! नऊच्या नऊ चिंचोके परत पहिल्या वाटीत. ठमाई दिवसभर भांडी आदळत होती.

पुन्हा मोजणी सुरू झाली. चौदा चिंचोके झाले तेव्हा चावडीवरून सांगावा आला, "नुसता येऊन बस. बोलायचं काही नाही." हैबती भोळा, गेला. तिथं दहा माणसांत कारभारी म्हणाला, "चांगला चालत आलास की! खाऊन-पिऊन टुणटुणीत दिसतोस. खरंच आजारी आहेस, की सोंग करतोस?"

सोंग! आयुष्यात कधी खोटी दवंडी न दिलेल्या माणसाला सोंगाड्या म्हटलं. हैबतीला ते सहन झालं नाही. "देवाशपथ आजारी आहे!" तो ओरडला, आणि घसा धरून मटकन खाली बसला.

या खेपेला वैद्यबुवा स्वतः त्याच्या घरी आले. त्यांनी घसा पाहिला आणि त्यांचा तापट आवाज एकदम मऊ झाला. "हैबती, आता तिसऱ्यांदा खपली निघाली, तर माझ्याकडे औषध नाही. हा आवाज कायमचा गेला समज."

हैबती भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आवाज गेला तर दवंडीवाल्याचं राहिलं काय? आणि कारभाऱ्याचं ऐकलं नाही तर हलगी जाणार. त्याला रडू आलं, पण हुंदकासुद्धा मोठ्यानं देता येईना.

तरी पहिल्या वाटीतून दुसऱ्या वाटीत चिंचोके पडत राहिले. दहा झाले, पंधरा झाले. सतरावा पडला त्या सकाळी कारभारी तणतणत आला. त्याच्यामागून, त्याला येताना पाहून, वैद्यबुवाही काठी टेकत आले.

"चार दिवसांवर जत्रा आलीय!" कारभारी म्हणाला. "घरटी एक नारळ आणायची दवंडी आजच्या आज झाली पाहिजे. देतोस, की खुंटीवरची हलगी काढून दुसऱ्याला देऊ?"

ठमाई मध्ये पडली. "कारभारी, अहो चार दिवस! चारच चिंचोके राहिलेत!"

"घसाच धरलाय ना? मेला तर नाही?"

हैबतीनं एकदा वाट्यांकडे पाहिलं, एकदा खुंटीकडे. मग तो उठला. हलगी काढली, चुलीतल्या निखाऱ्यांवर धरून शेकली. कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बघा! जमतंय की नाही?" ठमाईनं पदर तोंडाला लावला.

हैबती अंगणात गेला आणि हलगी वाजवू लागला. काय वाजवली म्हणता! चाळीस दिवस गेले होते, सगळं मनातलं त्या कातड्यावर उतरलं. कुंभारानं चाक सोडलं, बायकांनी घागरी ठेवल्या, अर्ध्या दाढीचा माणूस साबणाच्या फेसासकट धावत आला. अंगण भरलं.

मग हैबती थांबला. दोन्ही वाट्या उचलून त्यानं सगळ्यांना दाखवल्या, तोंडावर बोट ठेवलं आणि कारभाऱ्याकडे हात केला.

"यानं बोलायचं नाही, असं मी सांगितलंय," वैद्यबुवा मोठ्यानं म्हणाले. "दोनदा कारभाऱ्यांनी बोलायला लावलं, दोनदा खपली निघाली. आता तिसऱ्यांदा मागायला आलेत."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "ते सगळं खरं, पण हलगी वाजलीय. आता दवंडी कोण देणार?"

रिवाज तो रिवाज! कारभारी स्वतःच त्याचा राखणदार. तो चाचरला, खाकरला आणि म्हणाला, "ऐका... जत्रेला घरटी एक नारळ..."

"ऐकू येईना!" मागून ओरडा झाला.

"नारळ!"

"मोठ्यानं बोला की, कारभारी!"

मग काय विचारता! पुढं हलगी वाजवत हैबती, मागं घसा ताणत कारभारी, त्याच्यामागं दोन वाट्या घेऊन ठमाई आणि तिच्यामागं सगळं गाव. चौथ्या आळीत कारभाऱ्याचा आवाज चिरकला. आठवीत तो बोकडासारखा झाला. बाराव्या आळीत नुसतेच ओठ हलले, आणि तिथल्या लोकांनी हसत हसत स्वतःच ओरडून दवंडी पुरी केली.

संध्याकाळी कारभारी वैद्यबुवांपुढं तोंड उघडून बसला होता. वैद्यबुवांनी घशात पाहिलं आणि दोन वाट्या काढल्या. एक रिकामी, एकीत एकवीस चिंचोके.

आता खरी गंमत. कारभाऱ्याला दिवसाकाठी पन्नास माणसं विचारायला यायची. "पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची? फक्त एकच शब्द!" "हद्दीचा दगड कुठं होता? नुसतं हो किंवा नाही म्हणा!" बिचारा हातवारे करून घामाघूम व्हायचा. रात्री अंथरुणावर पडला की त्याला हैबतीचं दार आठवायचं आणि त्या दारात उभा राहिलेला तो स्वतः आठवायचा. त्याची त्यालाच लाज वाटायला लागली.

जत्रेच्या सकाळी ठमाईनं एकविसावा चिंचोका टाकला. हैबतीनं भीत भीत तोंड उघडलं. "ठमे," तो म्हणाला. आवाज आला! जुना, भरदार, जसाच्या तसा. ठमाई हसली, रडली, पुन्हा हसली, आणि एवढं झाल्यावर म्हणाली, "चहाटळपणा पुरे, आधी गूळ खा."

हैबती हलगी घेऊन निघाला तो थेट कारभाऱ्याच्या घरापुढं. गाव जमलं. आता हा साऱ्याचं उट्टं काढणार, असं सगळ्यांना वाटलं. दाराआड कारभारी मान खाली घालून उभा होता.

"ऐका हो ऐका!" हैबतीचा आवाज घुमला. "आपले कारभारी आजारी आहेत! सोंग नाही, खरंच आजारी आहेत! अजून सतरा चिंचोके राहिलेत. तोवर या उंबऱ्याशी कुणी यायचं नाही, काही विचारायचं नाही, एक शब्दही मागायचा नाही हो!"

दार उघडलं. कारभारी बाहेर आला, त्याचे डोळे भरले होते. हैबतीचा हात हातात घेऊन काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि सगळं गाव एका दमात ओरडलं, "गप्प बसा!"

कारभाऱ्यानं तोंड मिटलं आणि हात जोडले. मग हैबती हसला, कारभारी आवाज न करता हसला, आणि जत्रा तिथूनच सुरू झाली.

पुढं कारभारी बरा झाल्यावर त्यानं चावडीत दोन वाट्या ठेवल्या. गावात जो आजारी पडेल, त्याच्या उंबऱ्यावर त्या जायच्या. वाट्या दिसल्या की खुद्द कारभारीसुद्धा चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता पुढं निघून जायचा.

म्हणून लहानथोरांनो, एवढं मनात ठेवा: आजाऱ्याला विश्रांती द्यायची तर पुरती द्यावी, आणि ती कुणी मोडायला आलं तर आजाऱ्यानं न भिता चारचौघांना साक्षीला बोलवावं.