कोरफड आणि फुंकर

खूप खूप वर्षांपूर्वी, गाई अजून माणसांशी दोन शब्द बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, मांडी घालून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण हिच्यात चुकलेली सगळी मोठीच माणसं आहेत.

डोंगराच्या पायथ्याशी गवळ्यांची एक वाडी होती. तिथं हौसा नावाची गवळण राहायची. तिची लेक चिमी दीड वर्षाची. भाकरीचा तुकडा चघळायची, पण दमली की आईच्या पदराखाली शिरायची.

वाडीला मात्र चैन पडेना. सासू म्हणाली, "अगं, दात आले की पुरे. आता दूध तोड." हौसानं तोडलं. चिमी दोन दिवस रडली. मग शेजारची काकू आली. "पोर किती वाळली गं! माझा धाकटा चार वर्षं पीत होता." हौसानं पुन्हा पाजलं. तेवढ्यात पाणवठ्यावर कुणीतरी हसलं, "एवढी घोडी झाली तरी?" झालं, पुन्हा बंद!

लोकांचं काय जातंय हो बोलायला? इकडे चिमीला कळेना, आज मिळालेलं उद्या मिळेल का. तिनं आईचा पदर जो घट्ट धरला, तो सोडेचना. खेळणं सुटलं, खाणं सुटलं. पोर खरंच वाळायला लागली.

"कोरफड लाव," सासूनं उपाय सांगितला. "एकदा तोंड कडू झालं की पुन्हा मागणार नाही." सासू काही दुष्ट नव्हती बरं का. तिच्या सासूनं तिला हेच शिकवलं होतं.

हौसानं डोळे मिटून छातीला कोरफडीचा गर लावला. चिमी आली, तोंड लावलं, आणि केवढं तोंड वाकडं केलं! हौसाला वाटलं, आता ही भोकाड पसरणार. पण चिमीनं आईकडे पाहिलं. आईचाच पदर घेऊन तिनं तो गर पुसला, हळूच फुंकर घातली आणि विचारलं, "आई, बाऊ?"

आईलाच काहीतरी लागलंय, असं वाटलं हो त्या लेकराला!

हौसाला रडू कोसळलं. ती तडक गोठ्यात गेली आणि म्हाताऱ्या तांबू गाईच्या गळ्यात पडली. "तांबूबाई, तू दहा वासरं वाढवलीस. दूध कधी तोडलंस गं?"

रवंथ थांबवून तांबू म्हणाली, "मी कुठं दिवस मोजले? वासरू चरायला लागलं, की मी दोन पावलं पुढं सरकायची. मागं आलं, तर उभी राहायची. असं करता करता एक दिवस ते आलंच नाही."

"मग?"

"मग काय, दोन दिवस मी हंबरले. तेवढं चालायचंच."

हौसानं अंग धुतलं. सासू पुन्हा बोलू लागली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, आमचं आम्ही दोघी बघू."

दिवसा कामात असताना ती चिमीला सांगायची, "आता नाही, सांजच्याला." आणि सांजच्याला खरंच जवळ घ्यायची. एकदाही शब्द मोडला नाही. हळूहळू चिमीची मूठ सैल झाली. ती वासरांमागं धावू लागली, दूधभाकरी चाटूनपुसून खाऊ लागली.

असे कितीतरी महिने गेले. एका संध्याकाळी हौसा वाट बघत बसली होती. चिमी आली ती हातात वाटी घेऊन. मांडीवर बसून तिनं एक घास स्वतः खाल्ला, दुसरा आईला भरवला, आणि छातीला डोकं टेकून तशीच झोपली. काही मागितलंच नाही. कालचं पाजणं शेवटचं होतं, हे हौसाला आत्ता कळलं. तिचे डोळे भरून आले.

सासू दारातून बघत होती. ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला मी कोरफड लावली होती गं. कितीतरी दिवस तो माझ्या मांडीवर आला नाही."

त्यानंतर वाडीतली कुणी नवी आई हौसाच्या सासूला विचारू लागली, "किती दिवस पाजू?" की ती म्हणायची, "मला काय विचारतेस? तुझ्या लेकराला विचार, आणि स्वतःला."

बोध इतकाच: दूध कधी सोडायचं ते पाजणारीनं आणि पिणाऱ्यानं मिळून ठरवावं, बाकीच्यांनी धीर धरावा.