वाऱ्याची कमाई

"या वाऱ्याचा मालक कोण?" राजा रणधवल घोड्यावरूनच ओरडला.

उंचमाळ गावाच्या टेकडीवर लाकडाचं एक थोरलं चाक गरगरत होतं. वाऱ्याने चाक फिरे, चाकाने विहिरीवरचा रहाट फिरे आणि पाणी आपलं आपण पाटात पडे. मोटेचे बैल लिंबाच्या सावलीत खुशाल रवंथ करत बसले होते. हे पाहून कुणालाही बरं वाटावं, पण राजाच्या पोटात दुखलं! कारण वाटेत त्याने सहज विचारलं होतं, "राजधानीतून तुम्हांला काय काय लागतं?" आणि गावकरी भोळेपणाने म्हणाले होते, "काय बी न्हाई, म्हाराज! बियाणं घरचं, खत घरचं, तेल घाण्याचं, कापड मागावरचं." आता आपल्यावाचून कुणाचंच अडत नाही, हे ऐकायला कुठल्या राजाला आवडेल?

चाक बनवणारा शेतकरी हैबती हात जोडून पुढे आला. "वाऱ्याला कुठला मालक, म्हाराज? त्यो येतो अन् जातो."

"माझ्या राज्यात येतो म्हणजे माझा! माझा शिकारी जे उचलून आणतो ते माझं असतं की नाही? तसाच हा वारा. उद्या मी तुझ्या खळ्यावर येतो. माझ्या वाऱ्याची कमाई वेगळी काढून दे. काडीभर कमी नको, काडीभर जास्त नको! चुकलास तर हे चाक उपटून राजवाड्यात नेईन. मला वारा घालायला बरं पडेल!"

चाक वाऱ्याने फिरतं, चाकाने वारा येत नाही, हे राजाला सांगायची छाती कुणालाच झाली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

हैबती घरी आला तो डोक्याला हात लावूनच. चाक गेलं की टेकडीकडची सगळी शेतं पुन्हा कोरडी पडणार होती. ताटातली भाकरी तशीच राहिली.

"आबा, जेवा की," त्याची लेक भिवरा म्हणाली.

"काय जेवू, पोरी? वाऱ्याची कमाई मोजायला माप कुठलं आणू?"

"आपण कशापायी मोजायची? ज्याची कमाई, त्यो मोजंल! तुमी फकस्त म्हाराजांना मी सांगीन तिथं बसवा."

दुसऱ्या दिवशी राजा लवाजम्यासह खळ्यावर हजर झाला. मळणी उरकली होती आणि ज्वारीची उफणणी व्हायची होती. वारा मावळतीकडून येत होता, म्हणून भिवराने राजाची गादी खळ्याच्या उगवतीला घातली होती.

"वाऱ्याची कमाई मधल्यामधी कुणाच्या हाती लागू नये, म्हणून म्हाराजांना अगदी म्होरं बसवलंय," ती म्हणाली.

"शहाणी आहेस!" राजा खूश झाला आणि रेशमी अंगरखा सावरून ऐसपैस बसला.

"कालचा हुकूम समद्यांम्होरं एकदा सांगता का, म्हाराज?"

"त्यात काय? वारा जे उचलून आणेल ते माझं!"

"अन् जे त्याला उचलणार न्हाई?"

"ते ज्याचं त्याचं!" राजाने ऐटीत सांगून टाकलं.

भिवरा उंच तिवईवर चढली. तिने सूप डोक्याच्या वर धरून हळूच कलतं केलं. टपोरी ज्वारी सरळ खाली पडली आणि तिची रास होऊ लागली. भुसकट मात्र वाऱ्यावर स्वार होऊन निघालं ते थेट राजाच्या अंगावर! मंदिलात भुसकट, मिशीत भुसकट, अंगरख्याच्या आत भुसकट! राजा शिंकू लागला.

"आक् छी! हे काय आहे?"

"कमाई, म्हाराज!"

"भुसकट नको! मला ज्वारी हवी!"

"ज्वारी वाऱ्यानं उचललीच न्हाई! पेरली आमी, राखली आमी, अन् पडली बी आमच्याच पायाशी. वाऱ्यानं जे आणलं ते समदं तुमच्या अंगावर हाय. काडीभर कमी न्हाई, काडीभर जास्त न्हाई!"

राजाने तोंड उघडलं, आणि तोंडात भुसकट गेलं म्हणून लगेच मिटलं. हुकूम त्याचाच, शब्द त्याचेच! शेवटी तो जमादारावर खेकसला, "बघत काय राहिलात? भरा माझी कमाई पोत्यात!"

शिपाई भुसकटामागे धावले. ते मूठभर गोळा करीत आणि वारा ओंजळभर उधळून लावी. जमादार तर पोत्यासकट कडब्यात जाऊन पडला.

"राहू द्या!" राजा वैतागला. "पोरी, हे भुसकट तुम्हांलाच दिलं."

"फुकटचं घ्यायची आमच्या गावाला सवय न्हाई, म्हाराज."

"मग एरवी याचं करता तरी काय?"

"थोडं गुरं खात्यात, बाकीचं खताच्या खड्ड्यात. पर त्ये आमचं असलं तर! म्हाराजांची कमाई खड्ड्यापातुर वाहायची, म्हणजे मजुरी पडंल!"

"राजाकडून मजुरी? किती?"

"आणिक एका चाकापुरतं सागवान. खालच्या आळीच्या विहिरीवर बसवायचंय."

हैबतीने डोळेच मिटून घेतले. आणि मग राजा रणधवल असा खदखदून हसला की मिशीतलं उरलंसुरलं भुसकटही उडून गेलं!

"माझंच भुसकट घ्यायचं आणि वर मजुरीही माझ्याकडूनच! दिली! एक नाही, दोन चाकांचं सागवान दिलं! हैबती, तुझं टेकडीवरचं चाक तुझंच. आणि पोरी, हा तुला." असं म्हणून त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून भिवराच्या हातात ठेवला.

घोड्यावर बसता बसता त्याने मागे वळून विचारलं, "वाऱ्यावरचा हक्क मात्र आता सोडावा म्हणतेस ना?"

"कशाला सोडता, म्हाराज?" भिवरा म्हणाली. "वारा तुमचाच ऱ्हाऊ द्या. फकस्त म्होरल्या साली बसायची बाजू बदला!"