झालीच बघ!

फार फार जुनी गोष्ट. जनावरं माणसांशी बोलायची आणि माणसं कधीमधी ऐकायचीसुद्धा, तेव्हाची. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचं नाव काय, राजा कोण, ते विचारू नका. गोधड्या शिवणाऱ्या बायकांचं गाव, एवढं ध्यानात ठेवा, पुरे.

त्या गावात सगुणा नावाची बाई राहायची. सगळा गाव तिला आत्या म्हणायचा. नवरा कधीच देवाघरी गेलेला, मूलबाळ नाही. घर चिमुकलं, पण घरामागचा परस असा की येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबून बघावं. मांडवावर वालाचे वेल, कुंपणावर दोडकी, मधे वांगी आणि कडेनं दाट झेंडू. या सगळ्याचा राखणदार होता आत्याचा कुत्रा, तांबू.

तांबू पिल्लू होता तेव्हा पावसात भिजून, थरथरत तिच्या उंबऱ्याशी आला होता. आत्यानं त्याला आपल्या निळ्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि चुलीपुढं मांडीवर घेऊन बसली. त्या दिवसापासून तांबू तिचा झाला. त्यानं परसात माकड टिकू दिलं नाही. एकदा रानडुकरानं त्याच्या मांडीचा लचका तोडला, पण पठ्ठ्यानं वांग्याचं एक रोप मोडू दिलं नाही. आत्या निंदायला बसली की तो शेजारी पसरायचा आणि दोघांच्या गप्पा चालायच्या. गप्पा म्हणजे बोलायची आत्याच. तांबू मुळात मितभाषी. कुत्री तशीच असतात, एकदा विचारतील, दोनदा विचारतील, मग गप्प बसतील.

वर्षं काय, हा हा म्हणता सरतात. एका साली भाद्रपद संपला, आश्विन लागला. दुपारचं ऊन चटके द्यायचं, पण पहाटे गवतावर दव पडायचं आणि हवेत गारठा यायचा. तांबू आता म्हातारा झाला होता. मागचे पाय ओढत चालायचा. उठताना कण्हायचा. दुधात कुस्करलेली भाकरीही निम्मी टाकायचा.  आत्यानं डोंगरापलीकडच्या वैदूला बोलावणं धाडलं.

वैदूनं तांबूच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पाहिले, छातीला कान लावला आणि म्हणाला, "आत्या, म्हातारपणावर झाडपाला नसतो. हा दिवाळी काढील, नाही काढील, सांगता येत नाही. थंडी हाडात शिरतेय त्याच्या. खाली मऊ काहीतरी घाल आणि त्याच्याजवळ बसत जा. यापरतं दुसरं औषध नाही."

"गोधडीच शिवते की त्याला!" आत्या म्हणाली. "आजच शिवते."

आणि खरंच, वैदूची पाठ वळते न वळते तोच तिनं ते निळं लुगडं काढलं. तेच, पिल्लाला गुंडाळलं होतं ते. आता पार विरून गेलेलं, पण पाण्यासारखं मऊ. त्याच्या घड्या घातल्या, ओट्यावर अंथरलं आणि लांब लांब टाके घालायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत सहज झाली असती. तांबूनं लुगडं हुंगलं. त्याची शेपटी हलली.

"आत्या, ही माझी?"

"तुझीच रे राजा. बस जरा, झालीच बघ!"

आता आपल्या बोलीतला हा 'झालंच' मोठा लबाड शब्द आहे. 'स्वयंपाक झालाच' म्हणणारीनं अजून चूल पेटवलेली नसते आणि 'निघालोच' म्हणणारा अंघोळीचं पाणी तापायची वाट बघत असतो. पण त्या दिवशी आत्या खोटं बोलत नव्हती. खरंच होत आली होती.

इतक्यात शेजारची बायजा डोकावली. बायजा मनानं वाईट नव्हती हो, पण जिभेला हाड नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई! कुत्र्याला गोधडी? उद्या शेळीला चोळी शिव आणि कोंबडीला नथ घडव!"

आत्या हसली. बायजा तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती वाकून टाके बघायला लागली.

"आणि हे काय गं? हे तुझ्या हातचे टाके? पंचक्रोशीत नाव आहे तुझं. लोक बघतील तर म्हणतील, आत्याचे डोळे गेले."

झालं! शब्द वर्मी लागला. आत्या ताडकन म्हणाली, "माझ्या तांबूची गोधडी अशी होईल की गाव तोंडात बोट घालील. बघशील तू!"

तिनं घातलेले टाके उसवले. निळं लुगडं बोळा करून परसात फेकलं. पेटी उघडली, ठेवणीतले तुकडे काढले. जरीच्या काठाचे, खणाचे, हिरवे, लाल, पिवळे. जन्मभर साठवलेलं सगळं ओट्यावर आलं. गोष्ट इथं वळली. आत्याला कळलं नाही, तुम्हाला कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तांबू पाय ओढत ओट्यावर आला. समोर मऊ, उबदार गोधडी पसरलेली. त्यानं विचारलं, "आत्या, झाली का गं?"

"झालीच बघ!"

"मग टेकू का जरा?"

"अरे अरे अरे! नको!" आत्यानं हात आडवा घातला. "टाके पडायचेत अजून. आत्ता अंग टाकलंस तर आतले थर सरकतील, सुरकुत्या पडतील, मग कितीही शिवा, गोधडी वाकडी ती वाकडीच. शेवटचा टाका पडेपर्यंत गोधडीवर कुणी बसायचं नाही, आपल्या गावची रीत आहे ना ही? तुझीच आहे रे बाळा. पण झाल्यावर."

रीत खरीच होती. गावातली पोरंसुद्धा अर्ध्या गोधडीला वळसा घालून जायची. तांबूनं मान हलवली, ओट्यावरून उतरला आणि झेंडूच्या ओल्या मातीत जाऊन पडला.

मग रोज हेच. तो यायचा, विचारायचा. ती म्हणायची, झालीच बघ. आणि गोधडी काही होईना! आधी चौकडी झाली, मग चौकडीत कमळं आली. कमळं आली म्हणून कोपऱ्यांत पोपट हवे झाले. पोपट झाले तर किनार फिकी वाटायला लागली. आत्या पहाटे उठून परसाला घाईघाईनं पाणी घालायची, वालाच्या शेंगा खुडायची आणि सुई घेऊन बसायची. निंदणं राहिलं. गप्पा राहिल्या. तांबूच्या भाकरीवर माशा बसल्या तरी तिचं लक्ष नसायचं. आणि गंमत बघा, हे सगळं तांबूसाठीच चाललं होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं देवाची शपथ घेऊन तसंच सांगितलं असतं.

एकदा तांबू म्हणाला, "आत्या, आज परसात बसतेस का माझ्याजवळ? निंदायला बसायचीस ना, तशी."

"बसेन की. एवढी किनार होऊ दे." सुईवरची नजर न काढता ती म्हणाली. "अरे, कुणासाठी चाललंय हे सगळं?"

"माझ्यासाठी," तांबू म्हणाला. मग हळूहळू परसाकडे गेला.

त्यानंतर त्यानं विचारणं सोडलं. ओट्यावर येणंही सोडलं. आत्याला वाटलं, शहाणं झालं माझं लेकरू, समजूत पटली त्याची. दुधाची वाटी ती परसाच्या दाराशी ठेवायची आणि तशीच परत यायची.

शेवटी एका सकाळी शेवटचा टाका पडला. आत्यानं दोरा तोडला, गोधडी झटकली आणि ओट्याच्या कठड्यावर पसरली. काय सांगू तुम्हाला! खणाची कमळं उन्हात नुसती हसत होती. पोपट आत्ता उडतील की मग उडतील, असे. बायका गोळा झाल्या. कुणी टाके मोजायला वाकली, कुणी काठ चाचपला. बायजानं तर खरोखरच तोंडात बोट घातलं.

"हरले बाई मी," ती म्हणाली. "राणीच्या पलंगावर शोभेल अशी आहे."

"राणीची नाही, माझ्या तांबूची आहे," आत्या म्हणाली.  ती परसाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "तांबू! ये रे राजा, झाली! या वेळेला खरंच झाली!"

परसातून काही आलं नाही. एरवी तिच्या हाकेला निदान कण्हण्याचा तरी आवाज यायचा.

"बहिरा झालाय मेला," आत्या लाडानं म्हणाली. तिनं गोधडी खांद्यावर टाकली आणि परसात गेली. बायका मागोमाग गेल्या.

झेंडू छातीपर्यंत वाढले होते, कुणी छाटलेच नव्हते. त्यांच्यामागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, तांबू निजला होता. त्याच्याखाली ते निळं लुगडं होतं. आत्यानं बोळा करून फेकलेलं. त्यानं दातांनी ओढत ओढत तिथवर नेलं होतं, पायांनी पसरलं होतं, आणि पदराच्या टोकात नाक खुपसून त्यावर पडला होता. त्याच्या पाठीवर दव साचलं होतं.

आत्या खाली बसली. तिनं हात लावला. अंग थंडगार होतं.

"तांबू," ती म्हणाली. "अरे, झाली रे."

तिनं गोधडी त्याच्यावर पांघरली. कडा नीट खोवल्या, लहान पोराच्या खोवतात तशा. आणि मग तिला एकदम हुंदका फुटला. "अरे, तुला या जुन्या लुगड्यापरतं काही नको होतं रे! पहिल्याच दिवशी तू शेपटी हलवली होतीस! आणि मी मेली तुला तुझ्याच गोधडीवरून रोज हाकलत होते!"

बायजाही रडायला लागली. "माझ्याच तोंडाला आग लागो, आत्या. मी बोलले नसते तर..."

आत्यानं डोळे पुसले आणि मान हलवली. "तुझी काय चूक, बायजा? तू एकदा बोललीस. तो मला रोज विचारत होता. मी मात्र ऐकलं ते तुझं."

तांबूला झेंडूखाली पुरलं. निळ्या लुगड्यातच पुरलं, कारण ते त्याचं त्यानं निवडलं होतं. नवी गोधडी आत्यानं ओट्यावर अंथरली आणि पुन्हा कधी घडी घालून ठेवली नाही. पोरं तिच्यावर उड्या मारायची, मांजरी बाळंत व्हायच्या, कोंबड्या पोपटांच्या डोळ्यांवर चोची मारायच्या. आत्यानं कुणाला हुसकावलं नाही.

पुढं ती गोधड्या शिवत राहिली, पण रीत मोडली. शिवता शिवताच कुणी कुडकुडत आलं की ती अर्धी गोधडी त्याच्या अंगावर टाकायची. टाके घालता घालता कुणाचं पोर मांडीशी निजलं, तर निजू द्यायची. साहजिकच थर सरकायचे. तिच्या गोधड्या वाकड्या व्हायला लागल्या. लोक म्हणायचे, आत्याचा हात बिघडला.

"बिघडला नाही गं," ती म्हणायची, "सुधारला. पण फार उशिरा सुधारला."

दर आश्विनात झेंडू फुलले की ती रोज सकाळी परसात जायची. हातात सुई नाही, खुरपं नाही. कुंपणाच्या त्या कोपऱ्यात मातीवर बसायची आणि म्हणायची, "बसले बघ रे, तांबू." वाऱ्यानं झेंडू हलायचे.  ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तशीच बसून राहायची.

त्या गावात अजूनही कुणी आजारी माणसाला, वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याला, पायाशी घोटाळणाऱ्या पोराला 'आलेच', 'झालंच' म्हणालं, की दुसरं कुणीतरी हळूच विचारतं, "तांबूची गोधडी आहे का गं ही?" मग हातातलं काम तिथंच टाकून बाई उठते.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यावर जीव आहे त्याला ऊब आजच द्यावी, असेल तशी द्यावी, उद्याची देखणी गोधडी गारठलेल्या अंगाला लागत नाही.