सैल पेड

पूर्वी चंपानगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य सोमदत्त म्हणून जन्मले होते. स्वभाव भारी चौकस. कुठे काही बिनसले की 'असे का?' हे कळेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे.

नगरीची नाव नदीवर ताणलेल्या दोराला धरून पैलतीरी जाई. एके दिवशी तो दोर तुटला. माणसे कशीबशी वाचली. नवा वळला, तर ये रे माझ्या मागल्या! राजा संतापला. "तिसरा तुटला, तर दोर वळणाऱ्यांच्या नायकाचे हात तोडा!"

नायक होता म्हातारा धनक. ताग तोच, माणसे तीच, मग दोर का तुटावा? सोमदत्त सरळ दोर वळण्याच्या आवारात गेले आणि दोराचा एक पेड धरून रांगेत उभे राहिले.

पीळ पडू लागला. सवय नव्हती, त्यामुळे त्यांच्या हातातला पेड सैल पडला. समोर धनकाची बायको उत्पला होती. तिने तो पाहिला आणि मान खाली घातली. सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी. सैल पेड तसाच दोरात वळला गेला; दोर तुटायचा तो अशाच जागी.

"बाई, दिसलं ना तुम्हाला? मग बोलला का नाहीत?" सोमदत्तांनी तिला विचारले.

"पूर्वी कुणीही 'थांबा' म्हणायचं, की सगळे थांबून पीळ उलगडायचे," उत्पला हळूच म्हणाली. "आता थांबा म्हणेल त्याचं जेवण बंद. काल मी ओरडले. जेवण गेलं ते गेलंच, पण थांबलंही कुणी नाही. धन्याचे हात जाणार हो!" तिला रडू फुटले.

सोमदत्तांनी देखरेख करणाऱ्या कालकाला गाठले. तो हात जोडून म्हणाला, "काम थांबलेलं दिसलं तर तुझी खैर नाही, असं महाराजांनीच बजावलंय. मी तरी काय करू?"

आता मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? सोमदत्तांनाही भीती वाटलीच. पण धनकाचे हात डोळ्यांपुढून हलेनात. ते दरबारात गेले.

"महाराज, सैल पेड सगळ्यांना दिसतो, पण बोलत कुणी नाही. ते कालकाला भितात आणि कालक आपल्याला."

"म्हणजे दोष माझा?"

"होय, महाराज."

राजा लालबुंद झाला. "चल, दाखव!" म्हणत तो आवारात आला आणि त्याने स्वतः पेड धरला. थोड्याच वेळात तो सैल पडला. सगळ्यांनी पाहिले. कालकाचा चेहरा पांढराफटक पडला.

उत्पलाने एकदा नवऱ्याच्या हातांकडे पाहिले आणि ती ओरडली, "थांबा!"

सगळे थांबले.

"कुणाचा पेड सैल आहे?" राजाने दरडावले.

"तुमचाच की, महाराज!"

राजाने आपल्या हाताकडे पाहिले. पेड लोंबत होता. तो मुकाट्याने दोन पावले मागे सरला. "आता?"

"अजून थोडा ओढा."

राजाने ओढला. मग सोमदत्तांच्या सैल पेडापर्यंतचा पीळही उलगडून दोर नव्याने वळला. त्या दोरावरच्या पहिल्या नावेत तोच बसला, आणि दोर तुटला नाही. धनक त्याच हातांनी पुढे कैक वर्षे दोर वळत राहिला.

विहारातले धाकटे भिक्षू थोरांची चूक दाखवायला कचरत होते, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे तथागतांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद, कालक तो देवदत्त, उत्पला ती उत्पलवर्णा आणि अमात्य सोमदत्त तो मीच. त्या जन्मी मी सत्यपारमी, म्हणजे सत्याचे परमव्रत, आचरली. पण 'थांबा' माझ्याही आधी ती म्हणाली होती, हे विसरू नका."